आधी वाकायचं

"आधी खाली वाकायचं. मग चावी फिरवायची. मग गाडी सुरू करायची. हा क्रम चुकला तर ही जागची हलणार नाही, सांगून ठेवतो."

काकांचं हे बोलणं काकूंच्या कानात इतकं घट्ट बसलं होतं, की त्या सकाळी गाडीचं दार उघडताच ते आपोआप वाजलं. त्यांचा आवाजही तसाच वाजला. जाड, थोडा घोगरा, गल्लीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला "पाणी सोडलंय" म्हणून सांगायची सवय असलेला. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. जमिनीतली झाकणं उघडायची, आतले व्हॉल्व्ह उघडायचे, वेळ झाली की बंद करायचे, यात त्यांचा जन्म गेला. गाव त्यांना अजूनही चावीवाले म्हणे.

आता तो आवाज बंद होता. घशात एक गाठ झाली होती, ती डॉक्टरांनी काढली होती, आणि काही दिवस एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद दिली होती. "आवाज येईल," डॉक्टर काकूंना म्हणाले होते. "पण तोच येईल असं मी आत्ता सांगत नाही."

ऑपरेशनला आत नेताना काकांनी काकूंचा हात धरला होता. "न्यायला तूच ये. आपल्या गाडीतून. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की मी पेशंट होतो."

"येते," काकू म्हणाल्या होत्या. तेवढंच. पण काकूंचं 'येते' म्हणजे दगडावरची रेघ, हे काकांना माहीत होतं. म्हणून तर ते हसत आत गेले होते.

काकूंना गाडी चालवता येत होती. काकांनीच मोकळ्या मैदानात शिकवली होती. म्हणजे गाडी सुरू काका करून देत, मग दोघं उतरून जागा बदलत, आणि काकू मैदानाला फेऱ्या मारत. पुढे संसाराच्या धबडग्यात त्या फेऱ्या थांबल्या आणि डाव्या बाजूची सीट काकूंची झाली ती झालीच. गाडी तेव्हाही जुनी होती. आता तर तिच्या वयाच्या गाड्या लोक चित्रांत बघत.

त्या डाव्या सीटवरून काकूंनी एक गोष्ट पाहून ठेवली होती, आणि ती त्यांना फार जपून ठेवावीशी वाटे. काका देवापुढे हात जोडणाऱ्यांतले नव्हते. काकूंच्या देवांशी त्यांची ओळख होती, पण जाणंयेणं नव्हतं. मात्र गाडीत बसले की ते वाकत. अगदी कपाळ स्टिअरिंगला टेकेपर्यंत. निघताना एकदा, घरी आल्यावर एकदा. अशा वेळी माणसाकडे टक लावून बघू नये, म्हणून काकू खिडकीबाहेर बघत. आणि मनातल्या मनात देवाला सांगत, "तुमच्यापुढे नाही वाकत, पण कुठेतरी वाकतायत ना. तेवढं धरून घ्या."

तर त्या सकाळी काकू उजव्या सीटवर बसल्या. पर्समध्ये काकांचा चष्मा, मागच्या सीटवर त्यांचे धुतलेले कपडे आणि पाठीला लागणारी ती एकच एक उशी. काकूंनी हात जोडले, स्टिअरिंगला कपाळ टेकवलं, आणि चावी फिरवली.

गाडी खोकली. बराच वेळ खोकली. सुरू झाली नाही.

घाईत वाकलो बहुतेक, असं म्हणून काकू पुन्हा वाकल्या. या वेळी डोळे मिटून. पुन्हा चावी. पुन्हा तोच खोकला.

एवढ्यात फाटकाशी जावयांची नवी कोरी गाडी येऊन थांबली. इतकी गुपचूप, की दार वाजलं तेव्हाच कळलं. लेक आणि जावई उतरले. जावयांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सासऱ्यांना घरी आणायचं म्हणून त्यांनी खास रजा टाकली होती.

"आई, हे काय? तुम्ही कशाला काढताय ही? मी आहे ना, माझी गाडी आहे."

"मी येते म्हणाले होते त्यांना."

"मग या ना. माझ्या गाडीत बसून या."

"दुसऱ्याच्या गाडीत ते पेशंट होतात," काकू म्हणाल्या.

जावयांनी बायकोकडे बघितलं. लेक म्हणाली, "वाद घालू नकोस. ती चिडणार नाही आणि ऐकणारही नाही."

हे खरं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत कुणावर रागवायचं नाही, हा काकूंचा रोजचा नेम होता. एकदा पोटात अन्न गेलं की राग आपोआप अर्धा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि उरलेला अर्धा त्या काकांवर काढत. नेमामुळे सकाळच्या वेळी काकूंशी भांडण्यात काही अर्थ नसे. उशीत बुक्की मारल्यासारखं होई.

जावयांनी बाह्या दुमडल्या. बॉनेट उघडलं. आत बघून चेहऱ्यावर जे उमटलं ते झाकायला त्यांनी खिशातून फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली.

"हे बघा, सोपं आहे. गाडीला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, हवा आणि पेट्रोल. सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक. आता एकेक गोष्ट काटत जायचं."

"पेट्रोल आहे का बघितलंत?" वरच्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. वरच्या ताई कपडे वाळत घालत होत्या.

"अर्धी टाकी आहे," जावई काट्याकडे बघून जरा तोऱ्यात म्हणाले.

"तो काटा आपल्या लग्नातही अर्ध्यावरच होता," लेक म्हणाली.

मग जावई आपल्या गुपचूप गाडीतून गेले आणि कॅन भरून पेट्रोल घेऊन आले. ते टाकीत ओतताना थोडं बुटावर सांडलं. काकू पुन्हा वाकल्या, चावी फिरवली. खोकला. जावयांनी फोनमध्ये पाहून गाडीला मागून धक्के देऊन हलवलं आणि टाकीत डचमळल्याचा आवाज ऐकला. वरच्या ताईंनीही ऐकला.

"पेट्रोल आहे बरं का," त्या वरून म्हणाल्या.

"आहे, पण पुढे येत नाहीये," जावई म्हणाले. "हा डिलिव्हरीचा प्रॉब्लेम आहे."

काकूंचा फोन वाजला. काकांचा मेसेज होता. 'निघलिस'. चष्म्याशिवाय टाइप केल्यावर होतं तसं. काकूंनी लिहिलं, 'गाडी सुरू होत नाही. करतोय.' थोड्या वेळाने उत्तर आलं. 'वाकलिस का'.

काकूंचे डोळे भरून आले. घशाला टाके पडलेत, आवाजाचा भरवसा नाही, आणि हा माणूस तिथून वाकण्याची आठवण करून देतोय. त्यांनी लिहिलं, 'वाकले. तीनदा.'

'चवी'.

'फिरवली.'

'पुरणं फिरव'.

काकूंनी चावी पुरी फिरवली. अंगठा पांढरा पडेपर्यंत धरून ठेवली. गाडी खोकून खोकून दमली.

"बाबांना सांगा, प्रश्न चावीचा नाहीये," जावई बॉनेटमधून म्हणाले. "डिलिव्हरीचा आहे."

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांना बोलावलं. हे गृहस्थ लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून डोळे मिटत, म्हणून त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. बोलणं मवाळ, हात काळे. त्यांनी येऊन गाडीच्या टपावरून हात फिरवला.

"किती दिवस उभी आहे?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. "त्यांनीच आणून लावली. तोवर कधी कुरकूर नाही."

वैद्यबुवांनी कार्बोरेटरला जाणारा पाइप काढला, त्याचं तोंड एका बाटलीत धरलं आणि म्हणाले, "फिरवा." काकूंनी वाकून फिरवली. वैद्यबुवांनी एकदा वळून बघितलं. बाटली कोरडी राहिली. मग त्यांनी कॅनच्या तळाशी उरलेलं बूचभर पेट्रोल थेट कार्बोरेटरमध्ये ओतलं. "आता फिरवा."

गाडी एकदम गरजली. लेकीने टाळ्या वाजवल्या, वरच्या ताईंनी ओला टॉवेल हलवला, काकूंनी पर्स खांद्याला लावली. आणि बूचभर पेट्रोल संपलं. गाडी गप्प झाली.

"काळीज ठणठणीत आहे," वैद्यबुवा म्हणाले. "घशात अडकलंय काहीतरी."

ते आपलं नेहमीचं बोलले होते, पण काकूंनी हात पटकन स्वतःच्या गळ्याशी नेला.

मग पंप उघडला. आतला पडदा शाबूत होता. गाळणी काढली, ती आरशासारखी स्वच्छ निघाली. "तुमच्या काकांनी गाडी जिवापलीकडे सांभाळलीय हो," वैद्यबुवा म्हणाले, आणि त्या सुरात कौतुकापेक्षा काळजी जास्त होती, कारण आता बघायला फार जागा उरल्या नव्हत्या. त्यांनी टाकीकडून येणारा पाइप तोंडात धरला. "जावईबापू, टाकीच्या तोंडाला कान लावा. मी इकडून फुंकतो. तिकडे बुडबुडे वाजले पाहिजेत."

जावई वाकले आणि टाकीला कान लावला. वैद्यबुवांनी फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, डोळे बाहेर येतील असं वाटलं.

"येतंय का काही?"

"काही नाही."

"नीट ऐका." पुन्हा फुंकलं.

"वास येतोय फक्त."

वैद्यबुवा पाइप पुसत उभे राहिले. "म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी बंद आहे. मी सगळं होतं तसं जोडून ठेवतो, पण काकू, टाकी उतरवावी लागेल. टोचन करून गॅरेजला नेतो. आज संध्याकाळ तरी होणारच."

"झालं मग," जावई म्हणाले. एका कानावर पेट्रोल आणि धूळ, शर्टावर काळा पट्टा. पण चेहरा मोकळा झाला होता. "चला आई. माझ्या गाडीत."

काकूंनी मागच्या सीटवरची उशी सरळ केली. लेकीला ते बघवेना. तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. निदान बाबांना समजावून तरी सांगावं.

पलीकडे सिस्टर होत्या. "कुठे आहात तुम्ही लोक? त्यांना केव्हाच सोडलंय. ते बाहेरच्या बाकावर बसलेत पिशवी मांडीवर घेऊन, गेटाकडे तोंड करून. आत चला म्हटलं तर मान हलवतात."

काकू खाली बघू लागल्या.

"त्यांना सांगता का," लेक म्हणाली, "की गाडी बिघडलीय, आम्ही दुसऱ्या गाडीने येतोय."

सिस्टरांनी सांगितल्याचं ऐकू आलं. मग जरा गडबड ऐकू आली. "अहो, तुम्ही बसा, टाके आहेत... ते काहीतरी दाखवतायत. थांबा. वाकतायत. हो, वाकून दाखवतायत. काका, पुरे. आता हात असा गोल फिरवतायत. नळ सोडतात ना, तसं. परत वाकले. परत नळ." सिस्टरांना दुसरीकडून हाक आली. "मला जायचंय. या तुम्ही लवकर." फोन बंद झाला.



"नळ," जावई हळूच म्हणाले. "घरात नळ चालू राहिलाय."

"अगंबाई, खाली माझ्याकडे तर येत नाहीये ना पाणी?" वरच्या ताई म्हणाल्या, आणि मग आपण वर राहतो हे आठवून आत गेल्या.

लेक बाथरूमकडे पळाली. जावई गच्चीवरच्या टाकीकडे पळाले. वैद्यबुवा पाइप जोडून झाल्यावर टोचनाची दोरी सोडवत बसले. काकू स्वयंपाकघरात गेल्या.

स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद होता. काकांनीच त्याला नवीन वायसर घातला होता, थेंब गळायची त्याची हिंमत नव्हती. काकूंनी उगाच त्यावर हात ठेवला. आणि हात ठेवल्यावर त्यांना तो आवाज ऐकू आला. पुढच्या खोलीतून, वर्तमानपत्राआडून, संसारभर आलेला. "अगं, चावी बंद कर, पाणी वाहतंय."

नळ म्हणून तो माणूस जन्मात कधी बोलला नव्हता. त्यांच्या तोंडी कुलपाची ती चावी, नळाचीही चावी, आणि गॅसचं बटण फिरवायचं तरी चावीच. लग्न झालं त्या वर्षी ते कामावर जाताना "चावी नीट बंद करून ये" म्हणाले होते, आणि काकूंनी दाराचं कुलूप तीनतीनदा ओढून पाहिलं होतं. परत आले तेव्हा पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं.

आधी खाली वाकायचं. मग चावी फिरवायची. मग गाडी सुरू करायची.

मग. काकू नळावरचा हात तसाच ठेवून त्या 'मग'कडे बघत राहिल्या. चावी फिरवली की गाडी सुरू होतेच. त्यानंतर आणखी एक 'मग' कशाला हवा?

त्या बाहेर आल्या.  गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं, आणि वाकल्या. कपाळ स्टिअरिंगला टेकेपर्यंत. बॉनेटसमोर दोरी घेऊन उभ्या असलेल्या वैद्यबुवांनी ते पाहिलं. भले गृहस्थ. अशा वेळी माणसाकडे टक लावून बघू नये, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

काकूंचा हात सीटखाली गेला. आधी धूळ लागली, मग एक नाणं, मग काहीतरी मऊ. लोकरीचं. बोटांनी चाचपलं तर टाका ओळखीचा होता. एक उलटा, दोन सुलटे.

काकूंनी मान खाली घालून बघितलं. गाडीच्या तळातून वर आलेला एक पाइप, त्यावर बसवलेला पितळी व्हॉल्व्ह, थेट खात्यातल्यासारखा. आणि त्याच्या मुठीला गुंडाळलेली हिरव्या मफलरची पट्टी.

हा मफलर काकूंनी स्वतः विणला होता. भल्या पहाटे पाणी सोडायला जाता, गळा सांभाळा, म्हणून. काकांनी तो आठवडाभर वापरला. मग काकू माहेरी गेल्या, आणि परत आल्या तर मफलर नव्हता. "पडला बहुतेक कुठेतरी," काका म्हणाले होते. त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीतून एक गाडी चोरीला गेली होती, आणि काका चोरांना कसं हरवायचं याबद्दल फार गूढ हसत असत. काकूंनी गळ्यासाठी विणलेला मफलर त्यांनी नळाच्या गळ्यात घातला होता.

म्हणजे इतकी वर्षं ते वाकत होते ते यासाठी. निघताना पेट्रोल सोडायला, घरी आल्यावर बंद करायला. ज्याच्या जोरावर काकू देवाशी रदबदली करत होत्या, तो नमस्कार नव्हताच. आणि बाईसाहेब शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघत होत्या.

काकूंच्या कानापर्यंत राग आला. त्यांनी घड्याळ बघितलं. जेवायला अजून अवकाश होता.

त्यांनी मूठ धरली. पितळेच्या त्या मुठीला धारदार कड होती, आणि नेमकी कडेवरच लोकर दुहेरी घेतलेली होती. काकांच्या हातांना अशी कड कधी कळलीही नसती. जन्मभर लोखंडी चाकं फिरवून त्यांचे तळवे चपलेच्या टाचेसारखे झाले होते. काकूंचे तळवे तसे नव्हते. मी नसताना कधी काढावी लागली तर, असं म्हणून तर त्यांनी तो क्रम सांगितला होता.

काकूंनी मूठ फिरवली. पूर्ण. ती लोण्यासारखी फिरली.

मग चावी. गाडी खोकली, पुन्हा खोकली, घसा खाकरला, आणि सुरू झाली. सुरूच राहिली. तोच तिचा जाड, थोडा घोगरा आवाज.

वैद्यबुवांच्या हातून दोरी पडली. लेक बाथरूममधून ओल्या पायांनी धावत आली, जावई गच्चीवरून.

"काकू," वैद्यबुवा खिडकीशी येऊन म्हणाले, "काय केलंत?"

काकूंना सांगून टाकावं असं वाटलं. पण ते काकांचं गुपित होतं, चोरांसाठी ठेवलेलं, आणि गॅलरीत वरच्या ताई उभ्या होत्या. खोटं तर बोलायचं नव्हतं.

"वाकले," काकू म्हणाल्या.

वैद्यबुवांनी गाडीकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर काखेत धरून त्यांनी आपले काळे हात हळूच जोडले. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या गॅरेजात बॉनेट उघडण्याआधी ते जरा वाकताना दिसत, आणि गिऱ्हाइकं त्यांच्या नम्रपणाची तारीफ करत.

"आई, मी मागून येतो माझ्या गाडीने," जावई म्हणाले. "वाटेत पुन्हा बंद पडली तर?"

"नाही पडायची. तुम्ही कान धुऊन घ्या. आणि दोघांनी मिळून भाताचा कुकर लावा, आम्ही येतोच."

फोनवर मेसेज होता. 'वाकलिस का'.

काकू गाडीच्या आवाजात जरा वेळ तशाच बसून राहिल्या. मग पुन्हा वाकल्या. या वेळी हात सीटखाली नेला नाही. एकदा स्वतःच्या वाटचं, आणि एकदा त्यांच्या वाटचं. आतापर्यंतचं जे राहिलं असेल, ते त्यात धरून घ्या, असं देवाला म्हणाल्या.

'वाकले,' त्यांनी लिहिलं. 'निघाले.'

मफलरचं जेवणानंतर बघू. आज काकांना उलट उत्तरही देता येणार नव्हतं, आणि ते उत्तर ऐकण्यासाठी काकू वाटेल तितके दिवस थांबायला तयार होत्या.

त्यांनी डाव्या सीटवर पर्स ठेवली, तिच्यातला चष्मा एकदा चाचपला, आणि पहिला गिअर टाकला. फाटकातून गाडी मैदानातल्या फेरीसारखी सावकाश वळली आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली.